बनुबाईंचे डोळे

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९

लागली बाई एकदाची नोकरी! सावेडीतलाच फोटो स्टुडिओ, मावशीच्या घरापासून चालत जाण्याजोगा. राहात्याला कॉम्प्युटरचा कोर्स लावला तेव्हा काका-काकूंनी किती नाकं मुरडली होती. आता बघा म्हणावं! मालक भाऊसाहेब माणूस गोड, पण एकच गोष्ट दहादा सांगायची खोड. त्यांच्या मेहुण्यानं दुबईहून डिजिटल कॅमेरा आणलाय. रीळ नको, धुणं नको. पोटात फ्लॉपी सरकवायची की फोटो तिच्यावर. त्यांचा नियम असा: फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, प्रत्येक उघडून बघायचा, दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी करून ती कपाटात ठेवायची आणि मगच कॅमेऱ्याची फ्लॉपी पुसायची. मी म्हटलं, हो हो हो. मला काय कुक्कुलं बाळ समजतात की काय!

गुरुवार, १८ नोव्हेंबर

भाऊसाहेब सकाळी नेवाशाकडच्या एका वस्तीवर जाऊन आले. बनुबाई नावाच्या म्हातारबाई वारल्या. जन्मात कुणाला फोटो काढू दिला नव्हता त्यांनी. फोटोत गेलेलं मानूस अर्धं तिथंच ऱ्हातं, म्हणायच्या. शेवटी मुलानं, गोरक्षनाथनं, उचलायच्या आधी भाऊसाहेबांना बोलावून फोटो काढून घेतला. असे फोटो स्टुडिओत नेहमीचेच म्हणे. मयताचे डोळे मिटलेले असतात, ते आपण उघडून द्यायचे. पूर्वी भाऊसाहेब ब्रशनं रंगवायचे, आता हे काम माझ्याकडे. ऐकूनच अंगावर शहारा आला, पण शिकायला मजा येईल.

दशक्रियेला फोटो हवाय. त्यांची लेक लंकाबाई सासरहून पोचली तोवर चिता पेटलेली होती. आईचं तोंड काही दिसलं नाही तिला. ती या फोटोवर डोळे लावून बसलीय, असं भाऊसाहेब म्हणाले.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

दुपारी साखरपुड्याची ऑर्डर आली, नुसती धावपळ. कॅमेऱ्याला फ्लॉपी हवी होती. मी बनुबाईंचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि फ्लॉपी पुसून देऊन टाकली. उघडून बघितले नाहीत. कॉपी काय, संध्याकाळी करू म्हटलं.

संध्याकाळी उघडले. वर पदर, पदराखाली कपाळ, कपाळावरचं गोंदण. त्याच्याखाली काहीच नाही, सगळं करडं. सगळे फोटो तसेच. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, तरी तेच. भाऊसाहेबांनी जाताजाता विचारलं, घेतली ना कॉपी? मी मान डोलावली.

शनिवार, २० नोव्हेंबर

सांगायचंच असं ठरवून गेले होते. तर त्यांनी चहा मागवला आणि समोरच्या दुकानदाराला म्हणाले, पोरगी हुशार मिळाली बरं का. झालं! मी चहाचे कप विसळायला पळाले.

ते बाहेर गेल्यावर कॅमेरा स्टँडवर लावून स्वतःचाच फोटो काढला. त्यातले माझे डोळे, नाक, तोंड उचलून बनुबाईंच्या कपाळाखाली बसवलं. सुरकुत्या काढल्या, गाल खोल केले, रंग रापवला. कान पदराआड, त्यामुळे ते करावेच लागले नाहीत. काम इतकं झकास जमलं की मी एकटीच हसले. मग त्या हसण्याचीच लाज वाटली.

बुधवार, २४ नोव्हेंबर

बहीण-भाऊ फोटो न्यायला आले होते. लंकाबाईनं फ्रेम छातीशी कवटाळली. हीच माझी आई, अशीच बघायची माझ्याकडं, म्हणत हमसून हमसून रडली. गोरक्षनाथ बराच वेळ फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. शेवटी बहिणीकडे बघून म्हणाले, व्हय, आईच हाय. निघताना लंकाबाईनं माझे हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. तुमच्यामुळं आई दिसली, म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

भाऊसाहेबांनी याही फोटोची कॉपी कपाटात ठेवायला सांगितली. मी दोन केल्या. आता काय उपयोग!

शनिवार, २७ नोव्हेंबर

आज त्यांच्याकडे दशक्रिया. सकाळपासून स्टुडिओत अगरबत्तीचा वास येतोय. कुणीच लावलेली नाही. डबा उघडायच्या आधीच तोंडात भाताची चव, वर तुपाची धार. मावशी म्हणते, अगं, तुझी पापणी का लवत नाही? आरशात बघितलं. खरंच लवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. कॉम्प्युटरपुढे फार बसू नका, म्हणाले.

सोमवार, २९ नोव्हेंबर

समोर कॉम्प्युटर दिसतो आणि त्याच्यावरून एक खोली. पत्र्याचं छत. समई. लंकाबाई अगदी पुढ्यात बसलेली, नाकाला नाक लागेल इतकी. तिचे ओठ सारखे हलतायत. ऐकू काही येत नाही. कान मी दिले नव्हते—

कपाटातल्या दोन्ही कॉपी पुसल्या. कॉम्प्युटरवरचाही फोटो पुसला. तरी ती समोरच. त्यांच्या भिंतीवरचा कसा पुसू?

मंगळवार, ३० नोव्हेंबर

गोरक्षनाथ आले होते. लंकाबाईनं दशक्रियेपासून अन्नाला शिवलेलं नाही. फोटोपुढं बसून एकच धोशा लावलाय म्हणे: आई, येळंवर आले न्हाई म्हनून रागावली न्हाईस ना? न्हाई ना? मग एकदा डोळं मिट. त्यांना मूळ फोटो हवाय, मिटल्या डोळ्यांचा. तो दाखवला की जेवंल ती, म्हणाले.

भाऊसाहेब छातीठोकपणे म्हणाले, काळजी सोडा, आमच्याकडे प्रत्येक फोटोची कॉपी असते. आणि माझ्याकडे बघितलं. गोरक्षनाथांनीही बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांकडे.

मी म्हटलं, उद्या देते.

उद्या! काय देणार? ती तिकडे उपाशी मरतेय आणि मी—

बुधवार, १ डिसेंबर

दुपार. भाऊसाहेब जेवायला गेलेत. गोरक्षनाथ येतीलच इतक्यात. फोटो माझ्या हातून गेला, एवढंच तर म्हणायचंय. आरशासमोर म्हणून बघितलं. नाही फुटत तोंडातून. काय तोंड आहे माझं!

लंकाबाई पुढ्यातच. ओठ सुकलेत. आता कळतं काय म्हणते ते. मिट. एकदा मिट.

मिटते बाई. तेवढं तरी करते.

पापण्या बोटांनी ओढतेय— लाकडासारख्या झाल्यात— मिटल्या.

न बघता लिहितेय, ओळ कुठे चाललीय देव जाणे— तोंडावर हात आला. गरम. तिचाच. आता जेवेल ती—

पुरे. आता उघडते. उघडत ना—

शटरचा आवाज. भाऊसाहेब आलेत. सांगते, आता खरंच सांगते, सगळं— तोंड उघडत नाही— ओठ माझेच ना— हाका मारतायत मला— ऐकू येतंय— तिचा हात परत फिरतोय पापण्यांवरून, हळूच, वरून खाली, जसा मयताच्या—