खोट्या कोर्टातली साक्ष

तीर्थस्वरूप मामास,

तुझ्या बडबड्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीने जिना चढायला बंदी केलीय म्हणे. (बरं झालं, तेवढाच तिला वर निवांतपणा.) इकडे सगळे ठणठणीत. माझे मात्र पाय जमिनीवर नाहीत, कारण कॉलेजात काय शिकायचं ते ठरलं!

मला लेखिका व्हायचंय, हे तुला ठाऊकच आहे. (माझी पहिली कथा वाचून "शेवट कळला नाही, पण सुरुवात तरी कुठे कळली!" असं तूच म्हणाला होतास.) काल कॉलेज सगळ्यांना बघायला खुलं होतं. आधी साहित्य विभागात गेले. तिथले सर फार प्रेमळ. माझं पान वाचून "छान" म्हणाले. पुढच्या मुलीचंही छान, मागच्याचंही छान. एकाने चुकून डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली, तीही छान निघाली. मग पत्रकारितेकडे वळले. तिथल्या बाईंनी आगीची बातमी लिहायला सांगितली. मी दुकानदाराच्या पोपटाचा जीव कसा वाचला ते रंगवून लिहिलं. बाई म्हणाल्या, "आग लागली कुठे?" ते राहिलंच होतं.

तोंड लपवायला समोरच्या दारात शिरले, तर आत वकिलीच्या मुलांचं खोटं कोर्ट! त्यांची साक्षीदार तापाने झोपली होती, म्हणून मलाच पिंजऱ्यात उभं केलं. खटला सायकलचोरीचा. "चोराला पाहिलं" एवढंच म्हणायचं होतं, पण मामा, माझी जीभ सुटली! चोराला लंगडा केला, त्याच्या आईला आजारी पाडलं, सायकलला औषधांची पिशवी लटकवली. जज झालेली मुलगी डोळे पुसू लागली. तेवढ्यात चोराचा वकील, एक काडीपैलवान, उठला.

"लंगडा होता, तर सायकलवरून पळाला कसा?"

"हळू."

"हळू पळाला, तर तुम्ही पकडलं का नाही?"

सगळे खो-खो हसले. कान लाल करून फाटकापर्यंत आले आणि एकदम उत्तर सुचलं : तो सायकल चालवत नव्हताच, तिच्या आधाराने चालत होता, म्हणून मला तेव्हा तो चोर वाटलाच नाही! तशीच धावत परत गेले आणि धापा टाकत सांगितलं. काडीपैलवानाने कपाळावर हात मारला, "आता माझा माणूस अडकला की!"

मामा, आजवर माझ्या गोष्टींना कुणी असा आडवा प्रश्न विचारलाच नव्हता. मला रोज असे प्रश्न हवेत. म्हणून ठरलं : वकिली शिकणार आणि गोष्टी लिहिणार.

तुझीच,
भाची

ता. क. : खरी गोम अशी, की "वकिली कर" म्हणून आई वर्षभर मागे लागली होती आणि "मेले तरी नाही" असं मी म्हणून बसलेय. आता हार कशी मानू? तेव्हा तूच फोन करून हट्ट धर. मी थोडी रडेन, मग तुझ्या शब्दाखातर तयार होईन.

ता. क. : दादा, अक्षर ओळखलंस ना? पत्र उघडं टाकून बया अंघोळीला गेलीय. तू फोन कर. मी "नको, नको" म्हणत राहीन, म्हणजे ती हट्टाला पेटेल. फक्त तू हसू नकोस, तुला फोनवर हसू आवरत नाही.