डाव्या कोपऱ्यावर कोण

शिरगाव, रविवार संध्याकाळ

लग्नानंतर एकदा जत्रेत आम्ही भेळ खात उभे होतो. हे लोकांच्या टाचा बघत होते. "ती बाई आता डावीकडे वळेल," म्हणाले, आणि वळली. कबड्डीतही हे डाव्या कोपऱ्यावरून चढाईवाल्याची टाचच बघत. अंगात ताकद बेताची, पण घोटा क्वचितच सुटायचा.

आज ह्यांचं तेरावं झालं. रडू येत नाही. ह्यांच्याबरोबर पोरींचा कबड्डी संघ बघणारे, मंडळाचे वसंतभाऊ विचारत होते, "वैनी, दादा तर गेले. पोरींच्या संघात डाव्या कोपऱ्यावर कोणाला उभं करू? प्राजक्ता घोड्यासारखी हाय."

आहे, पण ती समोरचीचं तोंड बघते. संघातलीच मंगल लहानखुरी. दुपारी पंगतीत वाढपी गरम आमटी घेऊन मागे वळायच्या आधीच तिने शेजारचं पोर ओढून घेतलं. कसं कळलं तिला? टाचेवरूनच ना?

"मंगल," मी म्हटलं.

"ती? वाऱ्यानं उडंल, वैनी!"

"तुमचे दादा कुठे पहिलवान होते?"



ह्यांची शिट्टी वसंतभाऊंना द्यायची. ट्रॅकसूट प्राजक्ताला, तिला बसेल. गुडघ्याच्या पट्ट्या मंगलला. त्यांना अजून ह्यांच्या घामाचा वास आहे. माझ्याने धुववत नाहीत, तिनेच धुवाव्यात.