आठ महिन्यांची अमेरिका

बाबा, आज सकाळी साडेदहाच्या सुमारास मी अमेरिकन राहिले नाही. हे लिहितानाही हसू आवरत नाहीये. वकिलातीतून बाहेर पडले ती बस सोडून भर उन्हात चालतच सुटले, घामाने निथळले, आणि आता इथे सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, पंखा पाचवर करून तुम्हाला लिहायला बसलेय.

तुमचं शिक्षण चालू असताना त्या बर्फाच्या गावात मी जन्मले आणि आठ महिन्यांची होऊन पुण्याला आले, तेवढ्यावर जन्माची अमेरिकन ठरले. तो निळा पासपोर्ट तुम्ही आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवायचात. बाविसाव्या वर्षी मी म्हटलं, मला नाही जायचं तिकडे, तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "लोक रात्ररात्र रांगा लावतात त्यासाठी. तुला आयतं मिळालंय म्हणून माज आलाय." मग महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. मीही तुमचीच मुलगी, मीही बोलले नाही.

नवरा आणि लेक गेल्या वर्षी सिंगापूरचे नागरिक झाले. मलाही मंजुरीचं पत्र आलं, पण अट अशी की सहा महिन्यांत जुनं नागरिकत्व सोडायचं, नाहीतर पत्र रद्द. मला वाटलं, एक अर्ज, एक सही, झालं. आता ऐका गंमत. मी तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या कंपनीत बारा वर्षं हिशेब तपासतेय, पण दिव्याखाली अंधार! अमेरिकन माणूस जगात कुठेही राहो, कमाईचं विवरणपत्र त्याने दरवर्षी अमेरिकेला द्यायचं, कर शून्य निघाला तरी द्यायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि नागरिकत्व सोडताना मागच्या पाच वर्षांचं सगळं चोख भरलंय असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. मी तर जन्मात एकही भरलं नव्हतं. कराचं काम बघणारी इथली चिनी बाई शांतपणे म्हणाली, कर फारसा निघणार नाही, पण अमेरिकेबाहेर ज्या ज्या खात्यावर तुझं नाव आहे ते प्रत्येक खातं मला हवं. मी ऐटीत सांगितलं, दोन.

त्या रविवारी फोनकार्ड घासून आईला सहज विचारलं. "दोन कसली गं? ह्यांनी दिसेल तिथे तुझं दुसरं नाव घालून ठेवलंय. पोस्टात आहे, सहकारी बँकेत आहे, मावशीच्या ठेवीवर आहे. शिवाय आमच्या भजनी मंडळाचं खातं."

"भजनी मंडळाचं?"

"मी खजिनदार ना! हे म्हणाले, पोरीचं नाव असू दे, उद्या आपलं काही झालं तर बायकांची अडचण नको."

आणि मला तो दिवस लख्ख आठवला. मी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला उशीर झालाय, तुम्ही दारात फॉर्मांचा गठ्ठा धरून उभे आहात, जागोजागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. "इथे सही कर. वाचत बसू नकोस." एक चप्पल पायात, एक बाहेर, आणि मी सह्या ठोकतेय. आपल्याकडे खात्यावर मुलांचं नाव घालणं म्हणजे झोपण्यापूर्वी कडी लावण्याइतकं साधं. टाळ-मृदंगाच्या वर्गणीची खबर एक दिवस अमेरिकन सरकारला द्यावी लागेल, हे तुमच्या तरी स्वप्नात आलं होतं का?

आईने कोपऱ्यावरच्या बूथवरून पासबुकांची पानं फॅक्स केली, निम्मी पुसट, दोन चक्क कोरी. परत पाठव, परत पुसट. चार महिने गेले त्यात. ती बाई यादीवरून बोट फिरवत, इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला ‘लाह’चं शेपूट लावत म्हणाली, "अय्यो, व्हाय युवर नेम एव्हरीव्हेअर लाह?" मी म्हटलं, "माय फादर." ती खो खो हसली आणि म्हणाली, "माय फादर ऑल्सो."

मुदतीला नऊ दिवस उरले असताना शेवटचं पान वाचता येईल असं आलं. पाचही वर्षांचे फॉर्म पोस्टात पडले. आज खिडकीमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, कुणाच्या दबावाखाली करताय का? दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले आणि शपथेसाठी उजवा हात वर केला. माझा आवाज इतका खणखणीत निघाला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पासपोर्ट काचेखालून सरकवताना रडू येईल असं वाटलं होतं. अजिबात आलं नाही. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, सो लाँग लाह, आय व्हेरी हंग्री." तिला कडकडून मिठी मारली, ती भांबावली.

आईला एवढंच सांगितलंय की बँकेच्या कागदांची काहीतरी भानगड होती, ती मिटली. हे पत्रही कुणाला दाखवणार नाही. एकच गोष्ट कबूल करते. तुम्ही असतात तर मी तो अर्ज हातातसुद्धा धरला नसता. तुम्ही नाही आहात म्हणूनच हे जमलं, बाबा, आणि मला आज फार फार आनंद झालाय.