तेउदिल्दला द्यायचं राहिलेलं उत्तर

मी, अन्सबेर, ल्वार नदीकाठच्या या गावचा पाद्री, वय अंदाजे सत्तर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र गावच्या बोलीत लिहवून घेत आहे. लेखनिक वुल्फ्रिक कुरकुरला, "पाद्रीबाबा, मृत्युपत्र लॅटिनमध्येच असतं. या बोलीला अक्षरं लावायची तरी कशी?" म्हटलं, "कानावर पडतं तशी लाव. बिशपांच्या पेटीसाठी लॅटिन प्रत नंतर कर."

माझा लोकरी झगा आणि मधमाश्यांच्या चार टोपल्या सुईण एरमेंगार्द हिला. घर चर्चचंच, त्यात माझं फक्त छपराचं गळणं. व्याकरणाची पोथी तूर शहरातल्या विद्वान पाद्री हुनाल्दला. उंदरांनी कुरतडली आहे, तशीच द्यावी. माझ्या लॅटिनच्या चुका काढून चारचौघांत हसणारा तोच. त्या हसण्याचा मी धसका घेतला होता.

तेवीस वर्षांपूर्वी गावातल्या तेउदिल्दचं बाळ जन्मताच गेलं. जीव होता तेवढ्यात एरमेंगार्दने डोक्यावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा दिला. आम्ही ते चर्चच्या आवारात पुरलं; बाप्तिस्मा झालेल्यालाच तिथे जागा मिळते. आठवड्याने तेउदिल्दने मला गाठलं. "पाद्रीबाबा, सुईणीच्या हातचा बाप्तिस्मा देवाला चालतो ना?" नेमका हुनाल्द शेजारी उभा. चालतो, असंच मी सांगितलं, पण घोटीव लॅटिनमध्ये. आमच्याकडे लॅटिन ऐकू येतं ते प्रार्थनेत, नाहीतर कोणाला धर्माबाहेर काढताना. तिला वाटलं, पोराला हाकललं. कळलं नसेल तर विचारेल परत, म्हणून मी जेवायला बसलो. दुसऱ्या पहाटे तिने मूल उकरून नदीकाठी पुरलं. त्याच आठवड्यात ल्वार चढली आणि सगळं घेऊन गेली.

त्या हिवाळ्यात तेउदिल्दही गेली. तेव्हापासून रोज सकाळी चर्चच्या उंबऱ्यावर ओली पावलं दिसतात, कडक उन्हाळ्यातसुद्धा. मी पुसतो. तिला उत्तर द्यायला कितीदा उभा राहिलो, पण तिथे तोंड उघडलं की लॅटिनच बाहेर पडतं. मला भीती वाटते, फार वाटते.

गेल्या साली तूरला बिशपांची सभा भरली. प्रवचनं लोकांच्या बोलीत सांगा, असा हुकूम निघाला. वा! काय लवकर सुचलं!

शेवटचं कलम. मला चर्चच्या आवारात पुरा, पण आधी एरमेंगार्दने उंबऱ्याकडे तोंड करून आपल्या बोलीत मोठ्याने म्हणावं, "तेउदिल्द, चालतो गं. पोर देवाकडेच आहे." दुसऱ्या दिवशी उंबरा बघा. कोरडा असेल तर मला तिथेच राहू द्या. ओला असेल तर उकरा, आणि नदीकाठी नेऊन पुरा.

साक्षीदार: गोंतार लोहार, क्रूसाची खूण. रिकुल्फ नावाडी, क्रूसाची खूण.
सही: अन्सबेर.
स्थळ: चर्चचा ओटा. संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, तूरच्या सभेनंतरचं साल.
साक्षीदारांना वाचून दाखवलं. दोघांनाही एकूण एक शब्द कळला.