फुलबाजीचा कोट कोणाच्या हातचा

मी, श्रीमती प्रमोदिनी मार्तंड उदगीरकर, वय वर्षे त्र्याहत्तर, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, नंतरचा व्यवसाय फॉक्स टेरियर जातीच्या कुत्र्यांची पैदास, राहणार औसा रोड, लातूर, हा मृत्युपत्राचा कागद कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पेनाने लिहून ठेवते. मला साखर आहे, डावा गुडघा कुरकुरतो, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझी जुनी विद्यार्थिनी ॲड. देविका हिने मजकूर कायद्याच्या नजरेने तपासला. मधलं बरंच गाळावं असं तिचं म्हणणं होतं. मी काही गाळलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता माझ्या पेपरवर कोणी लाल रेघ मारू नये.

कलम १. माझे यजमान मार्तंडराव नांदेड स्टेशनात रेल्वेच्या मालवाहतुकीच्या कचेरीत होते. ते २००१ साली वारले. आम्हाला एकच मुलगा, चि. अनय, तो बंगळूरला नोकरीला असतो. याशिवाय घरात १९९६ सालापासून कोंडाबाई आहे. ती माझी कोण, हे सांगायला कायद्यात रकाना नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

कलम २. आमच्याकडे कुत्री कशी आली हे लिहिणं भाग आहे, कारण पुढची सगळी वाटणी त्यावर आहे. १९८८ साली मार्तंडराव सिकंदराबादेहून एका म्हाताऱ्या गार्डाने दिलेली जोडी टोपलीतून घेऊन आले. गुडघ्याएवढी, पांढरी, पाठीवर काळे-तपकिरी डाग, तोंडाला दाढी आणि अंगावर काथ्यासारखे राठ केस. मी आठ दिवस नवऱ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मी कुत्र्यांशी बोलायला लागले, नवऱ्याशी मात्र त्यानंतर दोन दिवसांनी. मार्तंडराव प्रत्येक पिल्लाला फटाक्याचं नाव द्यायचे. फुलबाजी, सुतळी, भुईनळा, आणि आता शिल्लक असलेल्या दोघी, लवंगी आणि तिची लेक टिकली. ही पद्धत मी त्यांच्यामागेही चालवली.

१९९३ च्या भूकंपाबद्दल लोक हमखास विचारतात, कुत्र्यांना आधी कळलं होतं का? नाही. सगळी गाढ झोपली होती. आमच्या घरात सर्वांत आधी मार्तंडराव ओरडले. लातूरच्या या घराला एक चीर गेली, बाकी काही नाही. किल्लारीकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं लिहीत नाही.

कलम ३. औसा रोडचा प्लॉट मी माझ्या पगारातून घेतला, त्यामुळे तो स्वकष्टार्जित आहे आणि त्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही. त्यापैकी पुढचं दोनमजली घर, अंगणासह, मी अनयला देते. त्याला तिथे क्लासेसच्या मुलांसाठी हॉस्टेल काढायचं आहे. खुशाल काढावं. बँकेतली ठेव आणि माझे दागिनेही त्याचेच. तो वाईट मुलगा नाही, मला दर रविवारी फोन करतो. मागच्या दिवाळीत मात्र तो अंगणात उभा राहून म्हणाला, "आई, मागची कुत्र्यांची शेड आणि कोंडाबाईची खोलीपण पाडली तर सरळ बारा खोल्या निघतात."

मी विचारलं, "आणि कोंडाबाई?"

"तिला आपण काहीतरी देऊच की."

"काहीतरी म्हणजे काय रे?"

त्यावर तो मोबाइल बघायला लागला. तेव्हाच मी ठरवलं की हा कागद करायचा. कोंडाबाईने त्या 'काहीतरी'वर म्हातारपण काढावं, हे मला चालणार नाही.

कलम ४. प्रा. राघवेंद्र सर हे माझे कॉलेजातले सहकारी, फिजिक्सचे. बोर्डात लातूरची मुलं झळकायला लागली तसे त्यांनी आमच्या शेजारीच क्लासेस काढले आणि चार मजले चढवले. मलाही बोलावलं होतं, बायॉलॉजीला. मी नाही म्हटलं, कारण संध्याकाळी पाच ते सात माझ्या कुत्र्यांची फिरायची वेळ. तेव्हापासून त्यांनी गावात मला 'कुत्र्यांची मास्तरीण' करून टाकलं. त्यांच्या टॉपरांच्या अभ्यासात भुंकण्याने व्यत्यय येतो म्हणून त्यांनी नगरपालिकेत आणि पुढे महापालिकेत तक्रारी केल्या. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तर आमची कुत्री पाणी पितात यावरही केली. मी त्या साऱ्या जपून ठेवल्यात, अक्षर फार सुंदर आहे.

हे सरच या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. जो माणूस वीस वर्षं मला चक्रम म्हणत आला, त्याने लेखी द्यावं की मी शुद्धीवर आहे, अशी माझी इच्छा होती. देविका म्हणते, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. त्यामुळे राघवेंद्र सरांना मी काहीही देत नाही आणि हे कलम लिहिताना मला फार बरं वाटत आहे.

कलम ५. कोंडाबाई भीमराव बिराजदार ही किल्लारीजवळच्या गावची. भूकंपात तिचा नवरा आणि सासू गेली. पुनर्वसनात तिच्या वाट्याला एक घर यायचं होतं. तिचा दीर व्यंकट कागद घेऊन आला आणि म्हणाला, "वयनी, हितं अंगठा लावा, अनुदानाचं हाय." तिने लावला. घर व्यंकटच्या नावावर झालं. त्याने तिला हाकललं नाही. एके दिवशी तिचं गाठोडं ओसरीवर काढून ठेवलेलं होतं, एवढंच. ती लातूरला आली आणि माझ्याकडे भांडी घासायला लागली.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना आम्ही कोट म्हणतो. या जातीच्या कोटाला कात्री किंवा मशीन चालत नाही, लावली की केस मऊ पडतात आणि रंग उतरतो. मार्तंडरावांनी एकदा सुतळीला सलूनवाल्याकडून मशीन मारून पुण्याच्या डॉग शोला नेलं होतं. तिथे एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड कोकरू!" ते परतीच्या गाडीत जेवले नाहीत. खरी रीत अशी की मेलेला केस चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने, एकेक करून उपटायचा. दहा आठवडे रोज. मार्तंडराव ते करायला बसले की कुत्री गल्ली डोक्यावर घ्यायची. कोंडाबाई कामाला लागून महिना झाला नव्हता, ती भांडी टाकून उठली.

"साहेब, सोडा त्याला. असं न्हाई. निंदणी कवा केली न्हाई का? मेलेलं काढायचं, जितं ठिवायचं."

तिने चिमटीला चुलीतली राख लावली आणि कुत्रं मांडीवर घेतलं. पंधरा मिनिटांत ते घोरायला लागलं. केस निसटू नये म्हणून आम्ही वापरायचो त्या खडूच्या भुकटीपेक्षा तिची राख चांगली, हे मला तेव्हाच कबूल करावं लागलं.

त्यानंतर आमच्या दारातून शोला गेलेला प्रत्येक कोट तिच्या हातचा आहे.

कलम ६. हे कलम माझ्या गुन्ह्याचं. २००४ च्या जानेवारीत हैदराबादच्या शोला आम्ही उदगीरहून रेल्वेने गेलो, मी, कोंडाबाई आणि टोपलीत फुलबाजी. रिंगणात मी फुलबाजीला घेऊन पळाले. वय एकोणसाठ, अंगावर इरकल. जज्ज लष्करातले निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी फुलबाजीच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. म्हणाले, "क्या बात है. ये कोट किसके हाथ का है?"

मी म्हणाले, "मेरे."

कोंडाबाई दोरीपलीकडे पाण्याची बादली घेऊन उभी होती, चार हातांवर. दखनी हिंदी तिला माझ्यापेक्षा चांगली कळते.

आम्हाला सर्वांत मोठा कप मिळाला. लातूरच्या पेपरात फोटो आला, त्यात कोंडाबाईचा फक्त कोपर दिसतो. कॉलेजने माझा सत्कार केला. 'हातातली कला' या विषयावर मी वीस मिनिटं भाषण ठोकलं. का खोटं बोलले? ज्या गावात शेंबड्या पोरापासून सगळ्यांना पहिला नंबर हवा असतो, तिथे मलाही एकदा हवा होता. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. पुढे दर वर्षी वाटायचं, आता सांगू, मग सांगू. चौदा वर्षं गेली. तो कप माझ्या दिवाणखान्यात आहे आणि कोंडाबाई दर शनिवारी तो राखेने घासते. शनिवारी मी त्या खोलीत बसत नाही.

कलम ७. म्हणून मी खालील गोष्टी कोंडाबाईला, पूर्ण मालकी हक्काने, देते. (अ) प्लॉटचा मागचा भाग, त्यातली खोली, कुत्र्यांची शेड, नळ, विजेचं स्वतंत्र मीटर आणि बोळाकडचं दार. हद्दीचा नकाशा जोडला आहे. हा भाग तिने राहावा, विकावा, कोणाला द्यावा, तिची मर्जी. (आ) लवंगी आणि टिकली. टिकलीला पिल्लं होऊ द्यायची की आमचा वंश इथेच थांबवायचा, हेही तिने ठरवावं. (इ) 'मांजरा केनेल' हे आमच्या पैदाशीचं नाव. मार्तंडरावांनी ते आमच्या नदीवरून ठेवलं होतं आणि कुत्र्यांना मांजराचं नाव म्हणून हैदराबादेत लोक अजून हसतात, त्याची तिला सवय आहे. (ई) २००४ चा कप. त्यावरचं माझं नाव घासून तिथे 'कोट : कोंडाबाई' असं कोरून घ्यावं. कोरणावळ माझ्या ठेवीतून.

कलम ८. शेजारच्या क्लासेसच्या हॉस्टेलची मुलं गेली कित्येक वर्षं परीक्षेच्या आधी भिंतीवरून उतरून आमच्या शेडमध्ये येतात आणि पिल्लं मांडीवर घेऊन गप्प बसतात. राघवेंद्र सरांचे दोन टॉपर त्यात होते, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत असेल. अनयने आपल्या हॉस्टेलच्या भिंतीला मागच्या बाजूने एक फाटक ठेवावं. मुलांनी उड्या मारून पाय मोडू नयेत.

कलम ९. ओळख. हे देविकाने काढलेलं खुसपट, पण खरं आहे. ती म्हणाली, "बाई, पुढे जागेला नाव लावताना कोंडामावशींचा अंगठा लागेल. मशीनवर."

अडचण अशी की कोंडाबाईचा अंगठा उमटत नाही. बावीस वर्षं राठ केस ओढून चिमटीतल्या रेघा झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानात मी स्वतः तिच्याबरोबर गेले होते. दुकानदार म्हणाला, "आज्जी, पुसून लावा." पुसून लावला. "धुऊन या." धुऊन आलो. मशीनने शेवटपर्यंत मानलं नाही की ही कोंडाबाई आहे. घरी येताना कोंडाबाई म्हणाली, "बरं हाय की. आता व्यंकट आला तरी काय न्हेतो?" आणि रस्ताभर हसत राहिली. मला काही हसू आलं नाही.

तर मी लिहून ठेवते की कोंडाबाईकडून कोणीही अंगठा मागू नये. एका अंगठ्याने तिचं एक घर गेलं आहे, दुसरं त्यावर अडू नये. देविका म्हणते की फोटो आणि दोन ओळखदारांवर काम भागवता येईल, ते तिने भागवावं. तरीही कोणाला शंका राहिली, तर वाढलेल्या कोटाची टेरियर आणि चिमूटभर राख समोर ठेवावी. कुत्री जिच्या मांडीवर झोपी जाईल, ती कोंडाबाई.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. देविका हिने करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. अनयला फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "नऊ खोल्या तरी निघतील ना, आई?" निघतील. मोजून बघितल्या आहेत.

कोंडाबाईलाही आज सकाळी शेडमध्ये बसून सगळं वाचून दाखवलं. सहावं कलम वाचून झालं. ती टिकलीच्या कानावरचे मेलेले केस काढत होती, तिने मान वर केली नाही.

"मला ठावं हाय की, बाई. म्या तितंच हुते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं? त्यो इचारत हुता तवा फुलबाजी माझ्याकडंच बघत हुती." मग म्हणाली, "आता लिवलंव का समदं?"

"लिहिलं."

"हाव. मंग बास झालं. जरा सरका, उजेड अडतोय."

मी सरकले. टिकली झोपली होती. मी समाधानी आहे आणि मला कसलीही घाई नाही.

ठिकाण : लातूर. तारीख : २० नोव्हेंबर २०१८.

साक्षीदार १. डॉ. ईश्वरप्पा हळ्ळे, गुरांचे आणि बाईंच्या कुत्र्यांचे डॉक्टर, उदगीर. श्रीमती उदगीरकर यांनी आमच्यासमोर सही केली. कोट कोणाच्या हातचा हे मला आधीपासून माहीत होतं, बाईंनी कधी विचारलं नाही.

साक्षीदार २. प्रा. राघवेंद्र, लातूर. श्रीमती उदगीरकर यांनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. (हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.)

लिहून ठेवणार : प्रमोदिनी मार्तंड उदगीरकर (सही)

अंगठा : (पहिल्याच खेपेला लख्ख उमटला, एकूण एक रेघ दिसते. कोट माझ्या हातचा नव्हता, याला आणखी पुरावा नको.)