चेंडू कुणी टाकायचा

प्रिय कडू,

हे पत्र दगडाबाईच्या हाती देतेय. ती रोज शेंद्र्याहून मेथीचं गाठोडं घेऊन आमच्या हर्सूलला येती, जाताना तुझ्या दारावरूनच जाती. तिला वाचता येत नाय, म्हणून मी निर्धास्त. फोनच केला असता, पण तुझा फोन तुझी सून उचलती, अन् माझा लेक कारभारी फोन आला की सगळ्यांना ऐकू जाईल असा करून घरात मधोमध ठेवतो. तवा चष्मा लाव अन् तूच वाच, नातवंडांकडून वाचून घेऊ नको. माझं लिहिणं चौथीचं, तुझं वाचणं दुसरीचं, जमंल आपलं.

पाण्याचं विचारशील तर इथं बी तेच. हर्सूलचा तलाव तळाला गेलाय, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. नळ आठवड्यानं येतो अन् आला तरी करंगळीएवढा. टँकर आला की गल्लीतल्या बाया भांडतात, गेला की एकमेकींच्या घरी चहा पितात. मागं जिथं ज्वारीचं रान होतं तिथं सात-सात मजली बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, त्यांच्या दारात बी टँकरच. मग वर चढून काय मिळालं म्हणते मी. गुडघे बोलतात, झोप लागत नाय. थकले गं कडू. पण तुला एक गंमत सांगायचीये, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाय.

माझी नात मोनिका कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळती, हे तुला ठाऊक हाय. यंदा कॉलेजातलं प्यायचं पाणी बंद झालं, पोरींनी आपापलं घरून आणायचं. मोनिका रोज बाटली विसरायची, म्हणून संध्याकाळी मी घेऊन जायला लागले. बाटली द्यायची अन् माघारी फिरायचं, एवढंच ठरलं होतं. पहिल्या दिवशी दम लागला म्हणून ग्राऊंडच्या पायरीवर टेकले, ती अजून टेकतेच हाय. तिथं रोजची टाळकी असतात. एक सर्जेराव, एसटीचे रिटायर डायवर. त्यांचं कुणी लेकरू त्या संघात नाय, घरी करमत नाय म्हणून येतात. दुसरा कचरू, गेटावरचा चहावाला. हा चहा उकळायला ठेवून येतो अन् उतू गेला की पळतो. आता तिसरी मी. काय भांडतो गं आम्ही. माहेरी गेल्यावर बी मला कधी एवढं बोलायला मिळालं नव्हतं.

खेळ असा हाय. पाच पोरी, त्यातल्या दोघी गार्ड. एकीनं चेंडू आपटत पुढं आणायचा अन् कुणाला द्यायचा ते ठरवायचं, दुसरीनं लांबून जाळीत टाकायचा. आणणारी आमची मोनिका, टाकणारी स्वराली म्हणून एका वकिलाची पोर. सगळं भांडण त्यावरूनच. कचरू म्हणायचा, चेंडू स्वरालीलाच आणू द्या, मोनिकाला कोपऱ्यात मोकळी सोडा. सर्जेराव म्हणायचे, येडा का रे तू, एका गाडीला दोन डायवर असतात का? स्टेअरिंग मोनिकाकडंच पाहिजे. पण बाई, तुमची नात सारखी समोरच्याला साईड देती. साईड द्यावी, नाय कोण म्हणतंय, पण कधी हॉर्न वाजवून आपली बी गाडी पुढं घालावी का नाय? मला राग यायचा. मी म्हणायची, भाऊ, देणं सोपं नसतंय. कुणाचा हात मोकळा हाय ते बघून, ती पळत असताना, बरोब्बर तिच्या हातात द्यायचं. तुमच्या एसटीत तिकीट फाडून देण्यासारखं नाय ते. मग सर्जेराव हळूच म्हणायचे, बाई, ही टाकत नाय हे समोरच्या पोरींना कळून चुकलंय. त्या हिला मोकळी सोडतात अन् दोघी मिळून स्वरालीला धरतात. मी नीट निरखून बघितलं, तर खरंच तसं होतं. तरी कबूल केलं नाय. कचरू म्हणला, आजी हारली, आजचा चहा आजीकडून. मी म्हणलं, तुझा चहा म्हणजे टँकरचं पाणी, वरून रंग दिलेला.

तिथं बसले की मला बहात्तर सालचं आठवतं. आपण दोघी नव्या नवऱ्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला. सरकारी खाण्याची सुकडी कधी वाटतात याची वाट बघत बसलेल्या. मुकादम लांब गेला की तू घमेलं दूर सरकवायचीस अन् बसल्या जागेवरून त्यात खडा टाकायचीस. मी चांगले गोल खडे निवडून तुझ्या हातात द्यायची. टणकन वाजायचं. मुकादम तिकडून ओरडायचा, कोण हाय गं ती, अन् सगळ्या बाया खाली मान घालून फोडत बसायच्या. तू मला म्हणायचीस, एकदा तू टाक की. मी म्हणायची, मला द्यायलाच बरं वाटतं. त्या खडीवर बसूनच आपलं ठरलं होतं, लेकरांचं नाय जमलं तर नातवंडांचं, पण सोयरिक करायची.

मागच्या हप्त्यात बीडच्या पोरींबरोबर शेवटचा सामना झाला. आपण एका गुणानं मागं, वेळ संपत आलेला, चेंडू मोनिकाच्या हातात अन् तिच्यासमोर कुणीच नाय. अख्ख्या पायऱ्या ओरडल्या, टाक. मी बी ओरडले गं, इतके दिवस भांडलेली मीच. तिनं चेंडू स्वरालीला दिला. स्वरालीला दोघींनी घेरलेलं. चेंडू गेला, सामना गेला. सर्जेरावांनी टोपी काढून डोकं पुसलं अन् ते खाली बसले. कचरूचा चहा उतू गेला, तरी तो उठला नाय. रिक्षात मी मोनिकाला विचारलं, का नाय टाकलास? तर म्हणती, माझा चुकला असता तर? स्वरालीचा चुकला तर चालतं, तिचं ते कामच हाय.

दुसऱ्याच दिवशी तुमची मंडळी तिला बघायला आली. पाय मुरगळला म्हणून तू आली नाहीस, तवा तुला कुणी सांगितलं नसंल ते सांगते. तुझा नातू सोमनाथ चांगला पोरगा हाय. कंपनीत पर्मनंट असून तोरा नाय, पोह्याची बशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. तुझी सून गोडीनंच म्हणली, खेळ लग्नापर्यंतच ना, मग कोण खेळतंय. आमचा कारभारी म्हणला, व्हय व्हय, ते काय, पोरखेळ. तो वाईट नाय गं. दिवसभर ड्युटी, आल्यावर टँकरमागं पळणं, पोरगी उजवली की एक काळजी कमी, एवढंच त्याचं. मग मोनिकाला विचारलं, तुला पसंत हाय का? सगळे तिच्याकडं बघायला लागले. समोर कुणी आडवं नव्हतं. अन् ती म्हणली, आजी म्हणंल तसं. सगळे हसले, किती वळणाची पोर. मी बी हसले, पण माझ्या कानात त्या पायऱ्या ओरडत होत्या.

तुमची मंडळी गेल्यावर ती तांब्याभर पाण्यात कपबशा विसळत होती. खाली बघतच म्हणली, आजी, माझी विद्यापीठाच्या संघात निवड झालीये, ग्वाल्हेरला खेळायला जायचं होतं. बाबांना सांगू नको, आता काय उपयोग. अन् हसली. कडू, त्या एका हसण्यानं मी जेवढी थकले, तेवढी या दुष्काळानं नाय थकले.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगते. आमच्याकडून नकार आला तर बोट मोनिकाकडं जाईल, तिचं ग्राऊंड बंद, कदाचित कॉलेज बी. नकार तुमच्याकडून आला, तोही पत्रिकेवरून, तर कुणाला कायच बोलता येत नाय. पत्रिका तुझ्या देव्हाऱ्यात हाय अन् तुमच्यात गुरुजींकडं तूच जातीस. गुरुजी काय बी सांगू दे, एकनाड निघाली म्हणून कळव. आपली सोयरिक मी माझ्या हातानं मोडतेय, तू रागावशील. रागाव, पण मग दगडाबाईबरोबर नकाराचा निरोप धाड. सर्जेरावांना कळलं तर म्हणतील, बाई, तुम्ही बी पासच दिला. व्हय, दिला. पोरगी माझ्याकडं टाकून मोकळी झाली, अन् माझ्यासमोर अख्खं घर उभं हाय. तुझ्यासमोर कुणी नाय. घमेलं लांब हाय, मुकादम तिकडं गेलाय, खडा मी चांगला गोल निवडून दिलाय. तू टाक.

तुझीच,
मनकर्णा