पहिल्या दुकानात घ्यायचं नाही

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. म्हणून आपलं पत्रच बरं. इकडे सगळं ठीक. हिची कंबर ठीक, मुलीची परीक्षा ठीक, फक्त तुझ्या भावाची वाट लागली आहे.

माझ्या दुकानाचा गाळा मालक विकतो आहे. म्हातारा आता लेकीकडे राहायला जाणार. बावीस वर्षं मी त्या दहा बाय बारात भाड्याने बसून लोकांना चष्मे दिले. डोळे तपासायची खुर्ची, काचा घासायचं मशीन, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, सगळं तिथे इंचाइंचाने बसवलेलं. मालक म्हणाला, पहिला हक्क तुझा, पण एप्रिलअखेर काय ते सांग, नाहीतर शेजारचा मोबाईलवाला टपलेलाच आहे. त्याने घेतला तर तिथे खोकी भरेल आणि मी रस्त्यावर येईन. पंचावन्नाव्या वर्षी नव्या गल्लीत जाऊन गिऱ्हाईक जमवायचं, हे आता कसलं जमतंय बघ.

म्हणून कर्ज काढायचं ठरवलं, आणि सगळं अगदी आपल्या अण्णांच्या शिकवणीप्रमाणे केलं. पहिल्या दुकानात घ्यायचं नाही! पहिली बँक लगेच हो म्हणाली, व्याजही बरं होतं. मी मनात म्हटलं, एवढ्या चटकन हो म्हणते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तिला बघतो म्हणून सांगितलं आणि पुढे निघालो. पंधरा दिवसांत अकरा बँका पालथ्या घातल्या. पहिल्या चौघींनी चहा पाजला. पाचवीपासून चहा बंद झाला. आठवीने तोंडावर नाही म्हटलं. शेवटी नाक मुठीत धरून पहिल्या बँकेत परत गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली की काका, तुमचा क्रेडिट स्कोअर घसरलाय, आता जमायचं नाही.

अगं, मी कुणाचा छदाम बुडवला नाही, एक हप्ता चुकवला नाही. नुसतं विचारलं! विचारायचेही पैसे पडायला लागले का आता? तू तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलीस, तूच सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
ढापण्या

ता. क. तुझं मागचं पत्र केवढ्या मोठ्या अक्षरात! दुकानाच्या पाट्या रंगवायला घेतल्यास की काय?


ता. ११ मार्च

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला.

गाढवा, बँकेत विचारणं म्हणजे टोमॅटोचा भाव विचारणं नव्हे. तू कर्जाचा अर्ज केलास की ती बँक तुझ्या आजवरच्या कर्ज-हप्त्यांचा रिपोर्ट मागवते, आणि कोणी कधी मागवला त्याची नोंद त्याच रिपोर्टात बसते. अशा एका नोंदीने स्कोअर चार-सहा गुणांनी खाली येतो, त्याचं काही नाही. पण पंधरा दिवसांत अकरा म्हणजे कहरच. पंधरवड्यात अकरा मुलींना मागणी घालून आलेल्या मुलाला बारावी काय म्हणेल? याचं कुठेतरी अडलंय, हेच म्हणेल. आणि तू तर पहिलीने हो म्हटल्यावर तिला बघतो सांगून निघालास, वर शेवटी तिच्याच दारात उभा!

तुझे हप्ते वेळेवर आहेत हे फार मोठं आहे, त्याच्यापुढे या नोंदी किरकोळच. त्यामुळे तू अगदीच कामातून गेलेला नाहीस. एक कर. स्वतःचा रिपोर्ट स्वतः मागव आणि त्याची एक प्रत मला पाठव. दहावी बँक, अकरावी बँक, सगळं मला दिसू दे.

अक्षर मोठं झालं कारण पेन बदललं. त्यात टोमणे मारण्यासारखं काही नाही.

भावजयबाईंना आणि मुलीला आशीर्वाद. कळावे, माया आहेच, अक्कल मात्र तू स्वतः मिळवायचीस.
तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. हिने परवा जेवायला काय करू म्हणून विचारलं तर मी म्हणालो, हळू, नोंद होईल. तिने लाटणं उचललं.

खरं सांगतो, स्वतःचा रिपोर्ट मागवायची छाती होईना. दुसऱ्यांनी बघितला तर गुण जातात, मग मीच बघितला तर चामडी जाईल असं वाटलं. तीन दिवस कॉम्प्युटर उघडायचो आणि बंद करायचो. शेवटी मुलीनेच मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं की बाबा, आरशात बघून कुणाचा चेहरा खराब होत नाही, आपला रिपोर्ट आपण कितीदाही बघावा. बघितला. सातशे ऐंशीचा सातशे बारा झाला आहे. आयुष्यभर लोकांना चष्म्याचे नंबर मी काढून दिले, आता माझाच नंबर उतरला.

प्रत सोबत आहे. एक गोष्ट पत्रात लिहिली नव्हती ती तुला त्यात दिसेलच, तेव्हा आधीच कबूल करतो. अण्णांचा दुसरा नियम तुला आठवत असेल. दुकानदाराला आपल्याला खरं काय हवंय ते कळू द्यायचं नाही, छत्री हवी असेल तर आधी चप्पल विचारायची. मी तेच केलं. एका बँकेत गाडीसाठी कर्ज मागितलं, एकीत मुलीच्या शिक्षणासाठी, दोन ठिकाणी नुसतंच कार्ड, एकीत घराच्या दुरुस्तीसाठी. म्हटलं, गप्पा मारता मारता हळूच गाळ्याचा विषय काढू. पण त्या पोरी गप्पा मारत नाहीत गं, सरळ फॉर्म पुढे करतात आणि सही मागतात. आणि समोर फॉर्म आला की मला नाही म्हणवत नाही.

हसू नकोस. प्रेम राहू दे.
तुझा,
ढापण्या

ता. क. या वेळी पाकिटावरचा माझा पत्ता तिरका गेला होता. पोस्टमनने दोनदा वाचला.


ता. २७ मार्च

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

हसू नकोस म्हणालास म्हणून हसले नाही. नुसती दहा मिनिटं खुर्चीत हलत होते.

एकाच कामासाठी, थोड्या दिवसांत, चार बँकांमध्ये भाव काढत फिरलास तर स्कोअरचा हिशोब करणारे बऱ्याच वेळा समजून घेतात, सगळ्यांची मिळून एकच नोंद धरतात. त्यांनाही कळतं की शहाणा माणूस तुलना करतोच. पण गाडी, शिक्षण, दुरुस्ती आणि दोन कार्डं! ते म्हणाले असतील, या माणसाला नक्की हवंय तरी काय? म्हणजे अण्णांच्या पहिल्या नियमाने तू वाचला असतास, दुसऱ्याने बुडालास. अण्णा देवमाणूस होते, पण छत्री घ्यायला गेले की भिजून यायचे आणि घरात तीन जोड चपला पडलेल्या असायच्या. ते आपण कुणाला सांगत नाही एवढंच.

आता उपाय. तोंड शिव. सहा महिने एकही अर्ज नाही, दुकानात फुकट कार्ड वाटणारा पोरगा आला तरी नाही. हप्ते वेळेवर भर. त्या नोंदी रिपोर्टात दोनेक वर्षं राहतील, पण त्यांचा जोर सहा-आठ महिन्यांत उतरतो. मग एकाच बँकेत जा, पहिल्या.

एप्रिलअखेरचं काय हे विचारशीलच. त्यावर एकच मार्ग आहे, मालकाकडे जाऊन ऑक्टोबरपर्यंत मुदत मागणं. बावीस वर्षांचं भाडं वेळेवर दिलेल्या माणसाला तेवढी मुदत मिळायला हरकत नाही.

तुझ्या दुकानात ते मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर असतं ना, एक पाठवून दे. इथली कॅलेंडरं हल्ली फार बारीक छापतात.

जपून राहा आणि सही करणारा हात खिशात ठेव.
तुझी,
ताई


ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅलेंडर पाठवलं आहे.

मालकाकडे जाणं जमेल असं वाटत नाही. आता शेवटची कबुली देतो, यापुढे पोतडीत काही नाही. जानेवारीत त्याने विकायचा विषय काढला तेव्हा किंमत उतरावी म्हणून मी म्हणालो होतो की मला काही या गाळ्याचं एवढं नाही. भिंतीला ओल आहे, शटर गंजलंय, उजेड कमी, मी तसाही मोठी जागा बघतोय. तेव्हापासून तीनदा त्याने विषय काढला आणि तीनदा मी जांभई दिली. आता कुठल्या तोंडाने सांगू की या गाळ्यावाचून माझा जीव जातोय?

मोबाईलवाला परवा बाहेर उभा राहून शटर वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता. रात्री जेवण गेलं नाही.

तुझा,
ढापण्या


ता. १३ एप्रिल

ढापण्या,

आशीर्वाद नंतर. आधी उठ, चप्पल घाल आणि त्या म्हाताऱ्याकडे जा. ओल, शटर, उजेड काही काढू नकोस. मला हाच गाळा हवा आहे, आज पैसे नाहीत, ऑक्टोबरमध्ये देतो, एवढी तीन वाक्यं. चौथं बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सगळा साष्टांग घातला आहे, बघ.

गेलो. दाराशी पोचेपर्यंत वाक्यं पाठ म्हणत होतो. आत जाऊन आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मग लेकीच्या गावची हवा कशी आहे ते विचारलं, मग पंख्याचा आवाज येतो का म्हणून. म्हणजे चप्पलच चप्पल. मग तुझा चेहरा आठवला आणि डोळे मिटून तिन्ही वाक्यं म्हणून टाकली. आवाज फाटला गं. पंचावन्न वर्षांचा घोडा, रडायच्या बेतात.

म्हाताऱ्याने आधी पंखा बंद केला. मग म्हणाला की जानेवारीपासून तो हेच ऐकायला थांबला होता. माझ्याच जांभया बघून त्याला वाटलं होतं की बावीस वर्षांचा भाडेकरू खरंच कंटाळला. त्याचं मन फार दुखावलं होतं. मी विचारलं, मग मोबाईलवाल्याचं काय? तर म्हणे, मोबाईलवाल्याने एकदा एवढंच विचारलं होतं की या बाजूला पाणी किती वाजता येतं. ताई, नुसत्या एका चौकशीवर म्हाताऱ्याने त्याला गिऱ्हाईक करून टाकलं होतं आणि मी तीन महिने झोपलो नव्हतो! शटर न्याहाळत होता ते त्याला स्वतःच्या दुकानाला तसंच बनवून घ्यायचं होतं म्हणून.

ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार आहे. किंमत एका पैशाने उतरवली नाही, वर जन्मभराचे चष्मे फुकट मागितले. मी पहिल्याच झटक्यात हो म्हणालो. अण्णा वर कपाळ बडवत असतील.

तुझं कौतुक करायला शब्द पुरत नाहीत, म्हणून लोभच वाढवून घे.
तुझा,
ढापण्या

ता. क. मागच्या पत्रात एका पानावर जेमतेम सात ओळी होत्या. पेनाचं मला सांगू नकोस.


ता. २९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्कोअर सातशे अडुसष्ट! सहा महिने एक अर्ज केला नाही. फुकट कार्डवाला आला की मी काचा घासायचं मशीन चालू करायचो, त्या आवाजात त्याला बोलताच यायचं नाही.

मग पहिल्याच बँकेत गेलो. त्याच मुलीसमोर बसलो आणि सांगितलं की मला माझा गाळा घ्यायचा आहे, त्यासाठी कर्ज हवं, दुसरं काही नको. तिने एकदाच रिपोर्ट मागवला. नवव्या दिवशी कर्ज मंजूर झालं. काल कागद झाले. गाळा आपला झाला, ताई! मी शटर तीनदा वर केलं आणि तीनदा खाली ओढलं. गंजलेलंच आहे, पण काय आवाज येतो!

एक गोष्ट खटकते. मे महिन्यापासून तुझी नुसती दोन-दोन ओळींची कार्डं येतात. आधी पेन झालं, मग कॅलेंडर, जूनमध्ये जास्त उजेडाचा दिवा कुठे मिळतो म्हणून विचारलंस, ऑगस्टमध्ये जाड शाई. माझ्या दुकानात रोज असे दहाजण येतात. खरं काय ते सांगशील का?

तुझा,
ढापण्या


ता. ७ नोव्हेंबर

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

गाळ्याची बातमी शेजारणीने वाचून दाखवली. तिला दोनदा वाचायला लावली. तुझी उन्हाळ्यापासूनची सगळी पत्रं तीच वाचते आहे.

पेन चांगलं आहे. दिवाही चांगला आहे. सगळ्या चपलाच होत्या रे. मीही अण्णांचीच लेक.

उजव्या डोळ्यापुढे वर्षभर धुरकट आहे, आता डाव्याही. जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही. दवाखान्यात गेले नाही, कारण काय सांगतील याची भीती वाटते. स्वतःचा रिपोर्ट बघायला तू तीन दिवस घाबरलास म्हणून मी हसले, आणि मी वर्ष काढलं.

तुझ्याइतकीच तीन वाक्यं लिहिते. मला दिसत नाही. मला भीती वाटते. तू ये आणि मला घेऊन जा.

दुसरीकडे कुठेही विचारलेलं नाही.

तुझी,
ताई